तिला ताटातलंच लागतं

दोह्यात मी काय काम करते असं अलिबागला कुणी विचारलं, की माझे यजमान परस्पर सांगून टाकतात, "ती पाळणाघर सांभाळते." विचारणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर लाळेरी बांधलेली पोरं येतात आणि ती माझ्याकडे कौतुकानं बघते. मग मला खुलासा करावा लागतो, की पाळणाघर मांजरांचं आहे. कौतुक तिथेच ओसरतं.

इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला, टायरच्या गोदामाशेजारी आमची बसकी इमारत आहे. बाहेरून तीही गोदामासारखीच दिसते. आत दोन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, प्रत्येकीला काचेचं दार, बसायला उंच फळी, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे आणि दुसऱ्या कोपऱ्यात जेवणाची जागा. लोक सुट्टीवर जातात तेव्हा मांजर आमच्याकडे ठेवून जातात. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, की एकही खोली रिकामी नसते. मी इथे फोन घ्यायला म्हणून लागले होते. पुढे मांजरांच्या जेवणाचं खातं माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

हे काम म्हणजे काय, तर मांजरांनी काय खाल्लं आणि त्यांच्या पोटातून ते कसं बाहेर पडलं, यावर नजर ठेवायची. ऐकायला बरं वाटत नाही, पण नव्वद टक्के काम हेच. नव्या जागी आलेलं मांजर रुसतं, फळीखाली जाऊन बसतं, एखादा दिवस तोंड लावत नाही. तेवढं चालतं. पण आपल्यासारखा उपास मांजराला झेपत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि चांगलं गुटगुटीत मांजर बघता बघता आजारी पडतं. त्यामुळे एखाद्या वाटीतलं जेवण तसंच राहिलं, की मी त्या खोलीच्या चकरा मारायला लागते.

मी मासे खाणाऱ्या घरातली. आमच्या परसात मांजरं माशांच्या डोक्यांवर आणि ताटातल्या उरल्यासुरल्यावर जगली, त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, यात शिकायचं ते काय. शिकायचं बरंच होतं. मिठाशिवाय उकडलेली कोंबडी, हाडं काढून, काटे काढलेला शिजवलेला मासा, उकडलेलं अंडं, एखादा चमचा शिजवलेला लाल भोपळा, हे सगळं मांजराला चालतं. भात थोडासा दिला तर बिघडत नाही, पण मांजर भातावर जगत नाही, त्याला मांसच हवं. दूध म्हणजे मांजराचं अमृत, हा आपला सगळ्यांचा समज. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि निस्तरायला मी असते. शिजवलेली हाडं नकोत, चॉकलेट नको, द्राक्षं-बेदाणे नकोत, चहा-कॉफी नको. आणि कांदा-लसूण तर कुठल्याच रूपात नको. कच्चा नको, शिजवलेला नको, मसाल्यातली पूडही नको.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. दोह्यातल्याच मुशैरिब भागात राहणारं एक पुण्याचं जोडपं होतं, दोघंही आयटीत. घर शुद्ध शाकाहारी. त्यांनी दहीभात आणि पनीरचे डबे भरून आणले होते. मी त्यांना बाजूला घेऊन मांजराला मांस का लागतं ते सांगितलं. बायको विचार करून म्हणाली, "तुम्ही द्या इथे जे द्यायचं ते. आम्हाला फोटो पाठवाल ना, त्यात वाटी दिसायला नको." त्यांचा मुलगा आईचा हात ओढत म्हणाला, "मम्मा, अवर कॅट ऑलरेडी ईट्स चिकन अ‍ॅट झैद्ज हाउस." आईनं त्याच्याकडे असं बघितलं, की मला हसू दाबायला पाठ फिरवावी लागली. पुढच्या सुट्टीला ती मंडळी आली तेव्हा सोबत मांजराच्या खाण्याचे डबे होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

पण मला सांगायचंय ते एका वेगळ्याच मांजरीबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नूरा नावाची कतारी मुलगी आली. कॉलेजात शिकणारी, दोह्याबाहेर समुद्रकाठच्या समैस्मा गावात राहणारी. ड्रायव्हरनं नव्हे, तिनं स्वतः गाडी चालवत आणली होती. मागच्या सीटवर फळांचं प्लॅस्टिकचं खोकं, वर दुपट्टा बांधलेला, आणि आत एक करड्या रंगाची हडकुळी मांजरी.

"ही आमच्या ड्रायव्हरची आहे," नूरा म्हणाली. "त्याचे वडील वारले. तो काल रात्रीच इंडियाला गेला. आम्ही सगळे उद्या लंडनला चाललोय. घरी कुणीच नाही."

"ही काय खाते?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

नूरा जरा ओशाळली. "तो खातो ते, बहुतेक. दोघं गेटजवळच्या खोलीत राहतात. मी कधी बघितलं नाही."

मांजरीचं नावही तिला ठाऊक नव्हतं. दारावरच्या पाटीवर आम्ही नुसतं 'समैस्मा' लिहिलं.

समैस्मा फळीखाली जाऊन बसली ती बसलीच. पहिल्या दिवशी मी काळजी केली नाही. दुसऱ्या दिवशी माझी फिलिपिनो सहकारी मारिसेल एकामागून एक वाट्या ठेवत गेली. कोरडं खाणं, ओलं खाणं, उकडलेली कोंबडी, कुस्करलेलं अंडं. एरवी हट्टी मांजरंही ज्याला नाही म्हणत नाहीत तो ट्यूना मासासुद्धा तिनं हुंगला आणि मान फिरवली. बोटाला लावून तोंडाशी नेलं तर डोळे मिटून घेतले. रागावलेलं मांजर फिस्कारतं, नख्या काढतं. ही तसं काहीच करत नव्हती. ती नुसती दाराकडे बघत बसायची.

आमच्याकडे डॉक्टर हातिम येतात. सुदानी गृहस्थ, बोलणं हळू आणि हात त्याहून हळू. त्यांनी तिचा ओठ वर करून हिरड्या मला दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात त्या जवळजवळ पांढऱ्या होत्या.

"रक्त कमी आहे. तपासायला पाठवतो," ते म्हणाले. "पण आधी पोटात काहीतरी जायला हवं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू. अशक्त मांजराला तोही त्रासच. मालकाला विचारता येईल का?"

मी नूराला लंडनला मेसेज केला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईकडून ड्रायव्हरच्या गावचा नंबर मिळवून पाठवला. ड्रायव्हरचं नाव दिगंबर, गाव लातूरकडचं. म्हणजे मराठी माणूस, हे मला तेव्हा कळलं. एका अर्थी सोपं झालं आणि एका अर्थी अवघड. ज्या घरातून नुकतंच माणूस गेलंय त्या घरी फोन करून मांजर काय खातं ते कसं विचारायचं? मी फोन हातात घेऊन पुष्कळ वेळ बसून होते. शेवटी मारिसेल म्हणाली, "मॅडम, तुम्ही लावता की मी लावू?" तिला मराठीतला 'म'सुद्धा येत नाही.

मी लावला. एका बाईंनी उचलला. मागे बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"कुसुम बोलते. कोन पायजे?"

मी दोह्याहून बोलतेय म्हटल्यावर त्या घाबरल्या. "काय झालं? नोकरी गेली का त्यांची?"

"नाही नाही, तसं काही नाही. वडील गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. अशा वेळी फोन केला त्याबद्दल रागावू नका. त्यांचं मांजर आमच्याकडे आहे, ते जेवत नाहीये, म्हणून विचारायचं होतं."



"मांजर?" त्या म्हणाल्या. "कुनाचं मांजर?"

नवऱ्यानं तिकडे मांजर पाळलंय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हाक मारली, "आवं, इकडं या. तुमच्या मांजराचा फोन आलाय." त्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. आणि मला वाटतं, त्या दोन-तीन दिवसांत त्या घरात कुणाला पहिल्यांदाच हसू आलं असावं, कारण मागून कुणीतरी खुदकन हसल्याचं ऐकू आलं.

दिगंबर फोन घेऊन अंगणात गेला असावा, बोलणं दबक्या आवाजात होतं. "ताई, ती बरी हाय का?"

मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही तिला काय घालता?"

"वेगळं काई नाई घालत. मी खातो ते खाती. कालवण-भाकर, कवा मटनाचा रस्सा. मी काय साहेब हाय का दोन सैपाक कराया?"

"कालवणात कांदा असतो?"

"कांद्याबिगर कालवण कसं व्हईल, ताई?"

मी कपाळाला हात लावला, पण त्याला काही बोलले नाही. ती वेळ नव्हती. एवढंच म्हटलं, "आम्ही कोंबडी देतोय, मासे देतोय. कशालाच तोंड लावत नाही."

"वाटीत देताय का?"

"हो."

"तिथंच चुकलं. तिला ताटातलंच लागतं. मी जेवाया बसलो की बाजूला बसती, माझ्या ताटाच्या कडंनी खाती. वेगळं वाढलं तर बघत बी नाई." मग जरा थांबून आवाज आणखी खाली आणत तो म्हणाला, "अन् तिला नावानं हाक मारा. येती."

"नाव काय?"

"कुसुम."

मी विचारायच्या आत त्यानंच सांगितलं, "तिथं कुनाला हाक मारावी, ताई, दिवसभर? गाडीत सगळे अरबीत बोलत्यात." मग आतून कुणीतरी बोलावलं आणि फोन बंद झाला.

दुपारच्या जेवणाची वेळ झालीच होती. मी माझा डबा घेऊन सरळ तिच्या खोलीत गेले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. डब्यात सुरमईचं कालवण होतं. झाकण उघडलं मात्र, फळीखालून एक करडं नाक बाहेर आलं, मग मिशा, मग अख्खी मांजरी. इतका वेळ जिची मान उचलली जात नव्हती ती थेट डब्यावर आली. आणि मला डबा डोक्यावर धरून उभं राहावं लागलं, कारण माझ्या कालवणातही कांदा आणि लसूण दोन्ही होतं. ती माझ्या पायाशी उभी राहून वर बघत ओरडत होती. आल्यापासून तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. भुकेल्या जिवाच्या तोंडचं अन्न काढून घेताना कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. रक्ताचा रिपोर्ट आला होता. कांद्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात, ते हळूहळू चाललेलं होतं. "अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "कांदा बंद झाला आणि जेवण सुरू झालं तर शरीर नवं रक्त तयार करेल. इन्शाल्ला. पण जेवण आजच सुरू व्हायला हवं."

मी आमच्या लहानशा स्वयंपाकघरात गेले. कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे नुसत्या पाण्यात उकडले. मीठ नाही, हळद नाही, काही नाही. सोबत मूठभर भात. स्टीलचं ताट आमच्याकडे नव्हतं, टायरच्या गोदामातल्या केरळी मंडळींकडून मागून आणलं. मग पुन्हा खोलीत जाऊन बसले, ताट मांडीसमोर ठेवलं आणि हाक मारली, "कुसुम."

तिचे कान माझ्याकडे वळले. पण ती उठली नाही.

मी कोंबडीचा तुकडा हातात धरून तोंड हलवलं. जेवल्याचं नाटक तिला कळलं असणार, तिनं नजर दुसरीकडे वळवली. तेव्हा मी खरोखर जेवायला लागले. बिनमिठाची उकडलेली कोंबडी आणि कोरडा भात. आजाऱ्यालाही असं कुणी वाढत नाही. तीन-चार घास मी निमूटपणे गिळले. काचेपलीकडे मारिसेल तोंडावर हात धरून उभी होती. हसत होती की प्रार्थना करत होती, ते मला दिसलं नाही.

पाचव्या का सहाव्या घासाला ती आली. माझ्या डाव्या गुडघ्याला अंग घासून बसली, ताट हुंगलं आणि कडेचा एक तुकडा उचलला. मी बघितलं नाही. आपण बघितलं तर ती थांबेल, असं मला उगाच वाटलं. मी माझा घास घेत राहिले आणि ती तिचा. ताटाच्या माझ्या बाजूला तिनं तोंड घातलं नाही. तिला तशी सवय असणार.

त्या दिवशी घरी गेले तर यजमान म्हणाले, "आज डबा तसाच परत आणलास. बरं नाही का?" मी त्यांना म्हटलं, मी एका कुसुमबाईंबरोबर जेवले.

नाकातली नळी टळली. पुढे रोज दोन वेळा कुणीतरी तिच्यासोबत जेवायला बसायचं, हे आमच्या कामातच धरलं गेलं. मारिसेलची पाळी आली त्या दिवशी ती काटा-चमचा घेऊन बसली. कुसुमनं तोंड लावलं नाही. मारिसेलनं काटा बाजूला ठेवून हातानं खायला सुरुवात केली, तेव्हा बाईसाहेब पुढे आल्या. हळूहळू हिरड्यांवर रंग दिसायला लागला. अंगावरचे केस चमकायला लागले. ती फळीवर चढून उन्हात झोपायला लागली.

आणि मग दिगंबर आला. पन्नाशीतला, उंच, डोक्यावरचे केस नुकतेच उगवायला लागलेले. विमानतळावरून परस्पर आला होता, हातातली बॅगसुद्धा ठेवली नव्हती. तो आत येण्यापूर्वी मारिसेल मला हळूच म्हणाली, "मॅडम, आज नका सांगू त्याला. वडील गेलेत."

मलाही तेच वाटत होतं. पण तो आज समैस्माला जाणार, संध्याकाळी चूल पेटवणार आणि कालवण करणार. सांगायचं तर आजच सांगायला हवं होतं.

दिगंबर खोलीत बसला. कुसुम त्याच्या मांडीवर चढली आणि त्यानं तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मी समोर बसून सगळं सांगितलं. शक्य तितकं साधं सांगितलं, डॉक्टरांचे शब्द गाळून. कांद्यानं तिचं रक्त कमी होत होतं, आता बरी आहे, यापुढे घालू नका. ती पूर्ण बरी होईल हे मी दोनदा सांगितलं.

तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमच्या बापूला शुगर होती. दर खेपेला मी इथून खजूर घेऊन जायचो. चांगला, मोठ्ठा. बापू लोकांला दाखवून दाखवून खायचे, माझ्या पोरानं आनलाय म्हनून. बायको म्हनायची, देऊ नका. मी म्हनायचो, खाऊ दे की, वर्षातून एकदा तर येतो मी." त्यानं कुसुमच्या कानामागं खाजवलं. "गोडानंच गेले असं डॉक्टर काई म्हनला नाई. पन मला म्हाईत नाई ना, ताई."

पाळणाघरात इतकी वर्षं काढली, कुणी काय खावं हे रोज कुणा ना कुणाला सांगत आले. पण आवडीनं खाणाऱ्याच्या समोरचं ताट ओढून घ्यायचं धाडस प्रत्येकाला व्हावं, अशी अपेक्षा मी तेव्हापासून सोडली. मी त्याला चहा दिला. मारिसेलनं खोक्याऐवजी आमच्याकडची चांगली जाळीची पेटी दिली आणि कुसुम त्यात मुकाट्यानं जाऊन बसली.

थंडी पडल्यावर एका शुक्रवारी मी आणि यजमान समैस्माच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. दिगंबरला फोन केला तर म्हणाला, "जेवल्याबिगर जायचं नाई, ताई." गेटजवळची खोली लहानशी, पण लख्ख. बाहेर सावलीत सतरंजी टाकली होती. कुसुम भरलेली, गोल झालेली, आमच्याकडे अनोळखी असल्यासारखी बघत होती. मांजरांकडून ओळखीची अपेक्षा मी ठेवत नाही.

मधेच त्याचा फोन वाजला. गावाकडून व्हिडिओ कॉल. पडद्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या कुसुमताई, मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. "तिला दाखवा की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यानं फोन मांजरीकडे वळवला. त्या निरखून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा जाड झाली की वो ही." मग मला म्हणाल्या, "ताई, जेवा पोटभर. त्यांच्या हाताला चव हाय."

दिगंबरनं वाढायला घेतलं. मासा आधी नुसत्या पाण्यात शिजवून, काटे काढून त्यातला तिचा वाटा त्यानं वेगळा काढला होता. तो त्यानं आपल्याच ताटाच्या कडेला ठेवला, मधे भाकरीचा बांध घातला आणि पलीकडे स्वतःचं कालवण वाढून घेतलं. ती येऊन बसली. तिनं खायला सुरुवात केल्यावर त्यानं पहिला घास मोडला.

मी कालवण चाखलं. तिखट होतं, खोबरं होतं, तीळ होते. काहीतरी कमी होतं आणि काय ते कळायला मला वेळ लागला नाही. भाकरीचा बांध कधी फुटेल याचा नेम नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच्या भांड्यातूनही कांदा-लसूण काढून टाकला होता.

"कालवणाला चव येते का हो, कांद्याशिवाय?" मी विचारलं.

"नाई येत," तो म्हणाला आणि दुसरी भाकरी घेतली.